जगाचा फौजदार कोणी नेमला?

अमेरिकेसारख्या महासत्तेने साऱ्या जगाची फौजदारी करावी की न करावी, हा वाद वरचेवर उपस्थित होतो. एक पक्ष म्हणतो, तिने ती न केली तर जगात बेबंदशाही माजेल आणि मोठा मासा लहान माशास गिळून टाकील. दुसरा म्हणतो, तिने आपले घर सांभाळावे, परक्याच्या दारात जाण्याचे तिला कारण काय? गंमत अशी की, दोन्ही पक्षांचे पुढारी बहुतकरून त्या महासत्तेच्याच ओसरीवर बसून भांडत असतात. एकास आपल्या शिपायांच्या जिवाची काळजी, दुसऱ्यास आपल्या दराऱ्याची. ज्याच्या दारात हा फौजदार येऊन उभा राहतो त्या गरिबास मात्र कोणी विचारीत नाही. आमच्या वाचकांस फौजदार म्हणजे काय चीज आहे हे पोथ्या वाचून शिकावे लागत नाही. सबब हा प्रश्न आम्ही त्या गरिबाच्या दारातून पाहणार आहोत.

प्रथम एक गोष्ट साफ सांगून टाकतो. फौजदार मुळीच नको, असे म्हणणारांपैकी आम्ही नव्हे. गावात रात्रीची गस्त बंद झाली तर वाड्यातल्या मंडळींचे फारसे अडत नाही. त्यांच्या दारास अडसर आहे, पदरी चार गडी आहेत. झोप उडते ती गावकुसाबाहेरच्या झोपडीची. राष्ट्रांचेही तसेच आहे. ज्यांच्यापाशी आगबोटी, विमाने आणि अणुबाँब आहेत त्यांस जगात पोलीस असला काय अन् नसला काय, सारखेच.

याचा दाखला फार जुना नाही. आफ्रिका खंडात रवांडा नावाचा एक लहानसा डोंगराळ मुलूख आहे. तेथे १९९४ च्या एप्रिल महिन्यात तुत्सी जमातीची कत्तल सुरू झाली. शेजाऱ्याने शेजाऱ्यास कोयत्याने तोडले. रेडिओवरून नावे पुकारून माणसे मारविली गेली. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास जीव गेले. संयुक्त राष्ट्रसंघाची अडीच हजार माणसांची पलटण त्या वेळी त्या देशात हजर होती. तिचा कॅनेडियन सेनापती डॅलेअर हा आणखी माणसे द्या, हात मोकळे करा, म्हणून निरोपावर निरोप पाठवीत होता. त्यास मिळाले काय? फ्रेंच व बेल्जियन शिपाई विमानांतून उतरले, त्यांनी आपले गोरे लोक तेवढे उचलले आणि ते आले तसे निघून गेले. पुढे २१ एप्रिल रोजी सुरक्षा परिषदेने ठराव केला तो पलटण वाढविण्याचा नव्हे, ती २७० माणसांवर आणण्याचा! आदल्या ऑक्टोबरात सोमालियात अमेरिकेचे १८ शिपाई पडले होते, त्याची धास्ती तिच्या दरबारात होती. सबब ‘वंशसंहार’ हा शब्दसुद्धा तोंडातून निघू नये अशी खबरदारी तिचे मुत्सद्दी घेत होते. कारण शब्द निघाला की कर्तव्य गळ्यात पडते. दार ठोठावणाऱ्यास आत घेऊ नये म्हणून घरात दिवा मालवून बसणारे लोक आम्ही पाहिले आहेत, पण राष्ट्रेच्या राष्ट्रे दिवे मालवून बसलेली जगाने त्या वर्षी पाहिली.

तेव्हा ‘आपले घर सांभाळा’ हा उपदेश ऐकावयास गोड असला तरी त्याची किंमत रवांडासारख्यांनी दिली आहे, हे तो करणारांनी विसरू नये.

बरे, फौजदार आला नाही तर हे असे. आला तर काय होते? यासाठी आम्ही हैती या देशाची हकीकत जरा विस्ताराने देतो. इराक वगैरे प्रकरणे वाचकांच्या स्मरणात ताजी आहेत. २००३ साली भयंकर शस्त्रांचा बोभाटा करून तो देश तुडविला आणि ती शस्त्रे शेवटपर्यंत सापडली नाहीत, एवढे म्हटले की पुरे. पण ‘आम्ही पोलिसी करतो’ ही भाषा जेथे बारशालाच बसली होती तो मुलूख हैतीच्याच भोवतालचा.

हैती म्हणजे उसाच्या व कॉफीच्या मळ्यांत राबविण्याकरिता आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांचा देश. १७९१ साली ते गुलाम उठले, फ्रान्सच्या फौजांशी तेरा वर्षे झुंजले आणि १ जानेवारी १८०४ रोजी त्यांनी आपले स्वतंत्र राज्य पुकारले. कोणाच्या दयेने नव्हे, कोणा फौजदाराच्या मदतीने नव्हे, आपल्या मनगटाने. आमच्या जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सज्जनांनी गुलामांस सोडविण्याकरिता कष्ट सोसले त्यांस अर्पण केले, हे वाचकांस ठाऊक आहेच. ती कृतज्ञता योग्यच होती व आजही आहे. अमेरिकेशी आमचे काही वैर नाही. परंतु ज्या गुलामांनी आपले आपणच सोडवून घेतले त्यांच्याशी त्या देशाचे सरकार कसे वागले, हेही पाहिले पाहिजे. त्यांचे राज्य आहे एवढे नुसते मान्य करण्यास त्यास १८६२ साल उजाडावे लागले. दक्षिणेकडील मळेवाल्यांस भीती, की हैतीचा वकील वॉशिंग्टनात बसलेला पाहून आपल्याकडच्या गुलामांचे डोके फिरेल!

फ्रान्सची तऱ्हा त्याहून अजब. १८२५ साली त्याने हैतीच्या बंदरासमोर लढाऊ जहाजे उभी केली आणि पंधरा कोटी फ्रँकांची मागणी केली. कशाबद्दल? तर मळेवाल्यांची मालमत्ता बुडाली तिच्या भरपाईबद्दल. आणि त्या मालमत्तेत खुद्द ती माणसेही मोजली होती! म्हणजे गुलाम सुटला म्हणून गुलामानेच आपल्या कातडीची किंमत मालकास मोजावी. पुढे १८३८ साली ही रक्कम नऊ कोटींवर आली. ती फेडण्यास फ्रेंच पेढ्यांकडूनच कर्ज काढावे लागले. सावकारी पाशाची ओळख आमच्या शेतकऱ्यास करून देण्याची गरज नाही. खरेदीखत त्यांचे, व्याज त्यांचे, आणि साक्षीदार म्हणून दारात तोफा.

असे घर कर्जात बुडाले म्हणजे त्यात तंटेबखेडे माजतात. हैतीत ते माजले. मग १९०४ च्या डिसेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी आपल्या काँग्रेसपुढे असे प्रतिपादन केले की, या गोलार्धातील एखादे राष्ट्र वारंवार गैर वागले किंवा दुबळे ठरले, तर अमेरिकेस नाइलाजाने का होईना, आंतरराष्ट्रीय पोलिसाचा अधिकार चालवावा लागेल. ‘नाइलाजाने’ हा शब्द ध्यानात ठेवावा. फौजदारी स्वतःच स्वतःकडे घेणारा प्रत्येक जण ती नाइलाजानेच घेत असतो. नेमणूक कोणी केली, सनद कोणाची, पगार कोणाकडून, याचा त्या भाषणात उल्लेख नाही. गैर वागणूक म्हणजे मुख्यतः काय, तर युरोपातील सावकारांचे हप्ते थकविणे. पुढच्याच वर्षी शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकाची जकातनाकी अमेरिकेने आपल्या ताब्यात घेतली.

हैतीची पाळी १९१४ च्या डिसेंबरात आली. एके दिवशी अमेरिकेचे आरमारी शिपाई मचायस नावाच्या गनबोटीतून उतरले, राजधानीतल्या बँकेत शिरले आणि पाच लाख डॉलरांचे सोने पेट्यांत भरून न्यूयॉर्कच्या पेढीत पोहोचते केले. दिवसाढवळ्या दुसऱ्याच्या तिजोरीतले सोने नेणारास आमच्या गावात जे म्हणतात ते येथे लिहिण्याची आवश्यकता नाही. पुढल्या जुलैत तेथील अध्यक्ष साम याने आपल्या दीडशेंहून अधिक राजकीय कैद्यांची तुरुंगातच कत्तल करविली. खवळलेल्या लोकांनी त्यास फ्रेंच वकिलातीतून ओढून काढून ठार केले. त्यावर शांतता राखण्याकरिता म्हणून २८ जुलै १९१५ रोजी अमेरिकी पलटणी उतरल्या, त्या हलल्या १९३४ साली! एकोणीस वर्षे! दंगा मोडण्यास आलेला शिपाई एकोणीस वर्षे ओसरीवर बिछाना टाकून बसला, तर घर कोणाचे म्हणावे?

त्या मुदतीत झालेली कामे पाहा. जकात त्यांच्या हाती, खजिना त्यांच्या हाती, पोलीसदलावर अंमलदार त्यांचे. हैतीच्या राज्यघटनेत परक्याने तेथील जमीन खरेदी करू नये असे कलम अगदी आरंभापासून होते. मळेवाला पुन्हा दारात येऊ नये म्हणून गुलामांच्या नातवंडांनी ते जिवापाड जपले होते. अमेरिकेने ते काढून टाकणारी नवी घटना पुढे केली. तेथील प्रतिनिधिसभा ती मान्य करीना, तेव्हा १९१७ साली सभाच बरखास्त झाली. मग पलटणीच्या पहाऱ्यात १९१८ साली लोकमत घेतले, त्यात विरुद्ध मते पडली अवघी ७६८. तेव्हाचे आरमार खात्याचे दुय्यम मंत्री फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९२० च्या निवडणुकीत, हैतीची घटना आपणच लिहिली, अशी बढाई मारली. परक्या घराचे खरेदीखत आपण लिहिले याचा असा डांगोरा पिटणारा कुळकर्णीही आम्ही पाहिला नाही.

आणि वेठ! हैतीत १८६४ चा एक निजलेला कायदा होता, शेतकऱ्यांनी रस्त्यावर बिनमजुरीने काम करावे असा. हा मेलेला साप फौजदारसाहेबांनी उकरून जिवंत केला. माणसांस शेतावरून उठवून, प्रसंगी दोरखंडाने एकत्र बांधून, गावापासून दूर नेऊन रस्त्यावर जुंपले. महार, रामोशी, धनगर, कुणबी यांच्या कोणत्या घरात वेठबिगारीची आठवण नाही? ज्यांचे आजेपणजे साखळदंड तोडून उठले त्यांस पुन्हा दोरीला बांधून कामास नेले, तेव्हा काय झाले असेल याचा तर्क वाचकांनीच करावा. उत्तरेत बंड झाले. त्याचा नायक शार्लमान पेराल्त यास १९१९ साली कपटाने त्याच्या तळात शिरून गोळी घातली आणि त्याचे प्रेत दारास बांधून, त्याची तसबीर काढून, लोकांस दहशत बसावी म्हणून गावोगाव वाटली. लोकांस त्या तसबिरीत सुळावरचा ख्रिस्त दिसला आणि पेराल्त त्यांचा हुतात्मा होऊन बसला. या वर्षांत मारलेल्या हैतियनांचा आकडा ३,२५० असल्याचे अमेरिकी आरमारी पलटणींचे सेनापती बार्नेट यांनीच लिहून ठेवले.

कोणी म्हणेल, रस्ते झाले, पूल झाले, दवाखाने झाले, त्याचे काय? झाले. आम्ही नाकारीत नाही. पण आगगाडी आणल्याबद्दल परक्या राज्याचे पोवाडे गाण्यास सांगणारे आमच्याकडेही पुष्कळ होऊन गेले; तो हिशेब आम्हांस नवा नाही. हैतीस १९२२ साली न्यूयॉर्कच्या पेढीचे नवे कर्ज घेणे भाग पडले, ते १९४७ साली कोठे फिटले. ज्या पेढीत ते सोने गेले तिच्या फायद्यासाठी आपण हे सारे केले, आपण म्हणजे भांडवलदारांचे दंडुकेवाले होतो, असे हैतीतल्या पोलीसदलाचा पहिला अधिकारी स्मेडली बटलर याने १९३५ साली स्वतः कबूल केले. हा गृहस्थ हैतीतील पराक्रमाबद्दल आपल्या देशाचे सर्वोच्च पदक मिळविलेला होता; कोणी कम्युनिस्ट नव्हे.

येथे प्रश्नाचा गाभा हाती लागतो. चोर धरणारा आणि कर्ज वसूल करणारा एकच माणूस असला म्हणजे तो फौजदार राहत नाही. त्याच्या मनात कितीही साधुत्व असो, त्याची पावले सावकाराच्या वाटेनेच पडतात. महासत्तेस सर्व मुलखांत काही ना काही येणे असते. कोठे तेल, कोठे तळ, कोठे बाजार. जेथे येणे नाही तेथे, रवांडाप्रमाणे, तिला ऐकूही येत नाही. म्हणून ‘चांगली महासत्ता मिळाली तर?’ हा प्रश्नच आम्हांस पोरकट वाटतो.

दुसरी गोष्ट कचेरीची. शिपाई कितीही दांडगा असला तरी त्याने पकडलेला माणूस मॅजिस्ट्रेटपुढे उभा करावा लागतो, आणि शिपायाने हात टाकला तर त्यालाही त्याच पिंजऱ्यात उभे करता येते. निदान कायदा तसा आहे. जगाच्या फौजदाराचे काय? निकाराग्वा देशाने १९८४ साली अमेरिकेविरुद्ध हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात फिर्याद गुदरली, की तुम्ही आमच्या बंदरांत सुरुंग पेरता व बंडखोरांस शस्त्रे पुरविता. न्यायालयाने १९८६ च्या जूनमध्ये निकाल दिला तो निकाराग्वाच्या बाजूने. अमेरिकेने तो मानला नाही. आणि निकाल पाळा असा ठराव सुरक्षा परिषदेत आला तेव्हा तिनेच नकाराधिकार चालवून तो पाडला. पुढे युद्धातील गुन्ह्यांची चौकशी करणारे कायमचे फौजदारी न्यायालय २००२ साली सुरू झाले, तर त्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला, की आपला शिपाई तेथे अटकेत पडलाच तर त्यास सोडविण्यास अध्यक्षांनी वाटेल तो उपाय योजावा. फौजदाराने कोर्टाची भिंत फोडण्याची परवानगी आगाऊच काढून ठेवावी, असा हा मामला.

हा नकाराधिकार तरी आला कोठून? हैतीची घटना लिहिल्याची बढाई मारणारे तेच फ्रँकलिन रूझवेल्ट दुसऱ्या महायुद्धात अध्यक्ष होते. युद्धानंतर अमेरिका, इंग्लंड, रशिया व चीन या चौघा पोलिसांनी जग राखावे, ही कल्पना त्यांचीच. १९४३ साली तेहरानला त्यांनी ती स्टालिनपुढे मांडली. फ्रान्स मागाहून त्यात शिरला आणि सुरक्षा परिषदेतील पाच कायम आसने झाली. पंचांत बसण्याचा मान चौघांपाचांनी आपसांत वाटून घेतला आणि आपल्यावरची फिर्याद आपणच फेटाळण्याचा अधिकारही त्यातच बांधून घेतला. त्याचा उपयोग एकटी अमेरिका करते असे नव्हे. रशियाने १९६८ साली प्राग शहरात रणगाडे घातले तेही ‘बंधुभावाने मदत’ म्हणून. आणि २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर स्वारी केल्यावर निषेधाचा ठराव आला, तो पाडण्यास हात वर केला तो रशियानेच. चीनने दक्षिण समुद्रासंबंधी २०१६ चा लवादाचा निवाडा केराच्या टोपलीत टाकला. अमेरिकेने काठी खाली ठेवली तर ती उचलण्यास हे दोघे टपून आहेतच, आणि त्यांची मुठ अधिक मऊ असल्याचा पुरावा प्रागने किंवा कीव्हने दिलेला नाही.

आमच्याच घरचा दाखला देऊन कोणी आम्हांस अडवील, की १९७१ साली भारताने पूर्व बंगालात फौज घातली ती कोणाच्या परवानगीने? हा आक्षेप वाजवी आहे. एक कोट निर्वासित आपल्या अंगणात येऊन पडल्यावर भारत गेला, आणि १९७२ च्या मार्चात त्याची फौज परत आली; ढाक्याच्या जकातनाक्यावर ती बसली नाही. त्या वेळी जगाचा थोरला फौजदार काय करीत होता? कत्तल करणाऱ्यांच्या बाजूने एंटरप्राइज ही विमानवाहू आगबोट बंगालच्या उपसागराकडे हाकीत होता. पण म्हणून भारताने आपल्या शेजारात फौजदारी करीत हिंडावे असे आम्ही म्हणणार नाही. १९८७ साली शांतिसेना श्रीलंकेत गेली, ती १९९० साली अकराशेंवर जवान गमावून परतली आणि तिच्या जाण्याने तमिळांस आनंद झाला व सिंहलींसही. मोठ्या भावाची काठी धाकट्यास कधी गोड लागत नाही.

मग गरिबाने दाद मागावी कोणाकडे? राष्ट्रसंघाकडे, असे उत्तर सोपे आहे आणि पुष्कळ अंशी खरेही आहे. २००७ साली लायबेरिया देशात भारताच्या पोलीस स्त्रियांचे एक सबंध पथक राष्ट्रसंघाच्या निळ्या टोपीखाली गेले. तेथील बायाबापड्यांस चौकीवर येऊन गाऱ्हाणे सांगण्यास त्यामुळे धीर आला. त्या पथकास लायबेरियाकडून काही येणे नव्हते. पण राष्ट्रसंघाचेही सर्व सोने बावनकशी नाही, हे पुन्हा हैतीनेच पाहिले. २०१० च्या भूकंपानंतर ऑक्टोबरात राष्ट्रसंघाच्याच नेपाळी छावणीचा मैला नदीत गेला आणि त्यातून पटकी पसरली. दहा हजारांच्या आसपास माणसे मेली. फिर्याद नेली तर अमेरिकेतील न्यायालयांनी सांगितले, राष्ट्रसंघावर दावा चालत नाही. सरचिटणीस बान की मून यांनी माफी मागितली ती २०१६ च्या डिसेंबरात. आणि यातली खरी ठसठस ही, की ती पलटण २००४ साली हैतीत गेली तेव्हाच्या करारात रयतेच्या नुकसानीचे दावे ऐकण्यासाठी कायमचे मंडळ नेमावे असे कलम होते. पलटण २०१७ साली परतली. मंडळ एक दिवसही बसले नाही.

आज हैती पुन्हा टोळ्यांच्या हाती सापडला आहे. २०२१ साली तेथील अध्यक्षाचा घरात शिरून खून झाला. टोळीवाल्यांच्या हातातील बंदुका बहुतेक अमेरिकेच्या बाजारातून, विशेषतः फ्लोरिडातून जातात, असे राष्ट्रसंघाचेच अहवाल सांगतात. सुरक्षा परिषदेच्या २०२३ च्या ठरावाने केनियाचे पोलीस २०२४ च्या जूनमध्ये तेथे उतरले, आणि २०२५ च्या सप्टेंबरअखेर त्यांच्या जागी अधिक मोठे दल पाठविण्यास मंजुरी मिळाली. राजधानीतली आई आज दार लावून बसली आहे. तिला पोलीस हवाच आहे, आणि तो केनियाचा की आणखी कोणाचा, हे विचारण्याइतकी तिला सवड नाही. तो जावा, असेच आम्ही म्हणू. मात्र भारताचे वकील न्यूयॉर्कास बसतात त्यांनी तेथे एवढी मागणी लावून धरावी: फ्लोरिडातील बंदुकांच्या दुकानांवरून माल निघतो त्या बंदरावर पहिला पहारा बसावा, आणि २००४ च्या करारातले ते दावे ऐकणारे मंडळ पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये, क्रेओल भाषेत अर्ज घेणारे, पुढल्या पलटणीची आगबोट धक्क्याला लागण्यापूर्वी उघडावे.